साखळी ओढली, पुढे काय?

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतील जुन्या चाळी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना मजल्याच्या टोकाला असलेली संडासांची ओळ वेगळी सांगायला नको. डोक्याच्या वर भिंतीत बसवलेली बिडाची टाकी, तिच्या दांडीला लोंबणारी साखळी आणि बाहेर पाण्याने भरलेले पिंप. अनेक ठिकाणी साखळी तुटलेली, टाकी कोरडी, आणि रहिवासी टमरेल किंवा बादली घेऊनच आत जाणारा. टाकी असताना बादली का लागते? हा प्रश्न सरळ विज्ञानाचा आहे. तरीही तो आपल्या वर्गात क्वचितच विचारला जातो, कारण संडास हा बोलण्याचा विषय नव्हे असे आपण धरून चाललो आहोत.

या लेखात आम्ही फ्लशच्या निरनिराळ्या पद्धतींची चिकित्सा करणार आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, आपल्या पुस्तकांनी आणि इमारती बांधणाऱ्यांनीही फ्लश म्हणजे फक्त टाकी असे समजून घेतले आहे. प्रत्यक्षात टाकी, पाइप, भांडे, भांड्याखालचे पाण्याचे बूच, निचऱ्याची नळी आणि पाणीपुरवठा या सर्वांचा मिळून फ्लश होतो. यातला एक दुवा कच्चा राहिला की अर्धवट राहिलेले काम कोणा तरी माणसाच्या हातावर येऊन पडते.

पूर्वी मुंबईत हे काम सर्वस्वी हातांनीच होत असे. टोपलीचे संडास होते. मैला काढणाऱ्याला ये-जा करता यावी म्हणून इमारतींच्या मागे अरुंद बोळ सोडलेले असत. गिरगाव-काळबादेवीकडच्या घरगल्ल्या ही त्याच व्यवस्थेची खूण आहे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिकेच्या कायद्यात या कामासाठी घ्यावयाच्या कराचे नावच मुळी ‘हलालखोर कर’ असे होते. हे काम कोणत्या जातींनी करायचे हेही समाजाने ठरवून टाकले होते. टोपलीच्या जागी भांडे आणि टाकी आली तेव्हा माणसाचे काम पाण्याकडे सोपवले गेले. पाण्याने ते पुरे केले की नाही, याच कसोटीवर कोणत्याही फ्लशची परीक्षा व्हायला हवी.

ओढल्याने नव्हे, सोडल्याने

साखळीच्या टाकीत डोकावले तर मध्यभागी एक उभा पाइप दिसतो. त्याचे वरचे तोंड पाण्याच्या पातळीहून थोडे उंच असते, म्हणून टाकी भरलेली असतानाही पाणी आपोआप खाली जात नाही. या पाइपावर घंटेच्या आकाराचे एक जड बिडाचे टोपण पालथे घातलेले असते. टोपणाच्या कडेखाली पाणी जायला वाट असते. साखळी ओढली की हे टोपण वर उचलले जाते. साखळी सोडली की ते आपल्या वजनाने खाली येते आणि त्याच्या पोटातले पाणी एकदम वर चढून उभ्या पाइपाच्या तोंडात कोसळते. कोसळणारे पाणी पाइपातली हवा आपल्याबरोबर ओढून नेते. टोपणाच्या माथ्याशी दाब कमी होतो आणि टाकीतले पाणी कडेखालून आत शिरून, वर चढून, वळण घेऊन अखंड वाहू लागते. पातळी कडेपर्यंत उतरली की हवा आत घुसते, घरघर असा आवाज येतो आणि धार तुटते. पाण्याबरोबर बॉलकॉकचा गोळाही खाली गेलेला असतो. त्यामुळे नळाची झडप उघडून टाकी पुन्हा भरू लागते.

यातली गंमत विद्यार्थ्यांनी हेरावी अशी आहे. पाणी येते ते साखळी ओढल्यामुळे नव्हे, सोडल्यामुळे. जो मनुष्य साखळीला लोंबकळून पाण्याची वाट पाहतो त्याने स्वतःच ते अडवून धरलेले असते. काही जुन्या विलायती साखळ्यांच्या मुठीवर ‘ओढा आणि सोडा’ अशी सूचनाच छापलेली असे. आपल्याकडे टाकी आली, सूचना मात्र आली नाही.

आता पुस्तकांकडे वळू. सायफन म्हटला की एक उंच ठेवलेले चंचुपात्र, एक खाली ठेवलेले, त्यांना जोडणारी वाकडी नळी आणि खाली एक वाक्य : हवेच्या दाबामुळे पाणी नळीतून ढकलले जाते. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. दोन्ही पात्रांवर हवेचा दाब जवळजवळ सारखाच असतो. मग पाणी एकाच दिशेने का जाते? खालच्या बाजूची पाण्याची उभी रांग अधिक लांब, म्हणून अधिक जड असते. तिच्या ओढीने पाणी वाहते. वाहण्याचे कारण गुरुत्वाकर्षण हे आहे. नळीच्या वरच्या वळणाशी पाण्याची रांग तुटू नये म्हणून हवेचा दाब नेहमीच्या सायफनमध्ये मदत करतो. त्यामुळेच पाण्याचा सायफन सामान्यतः दहा मीटरहून उंच चढ ओलांडू शकत नाही.

ही चूक फक्त शालेय पुस्तकांची आहे असेही नाही. ऑक्सफर्डच्या प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोशात १९११ पासून सायफनची व्याख्या हवेच्या दाबावरच उभी होती. २०१० साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड तंत्रज्ञान विद्यापीठातले भौतिकीचे अध्यापक स्टीफन ह्यूज यांनी ती चूक दाखवून दिली. नव्याण्णव वर्षे ती कोणाच्या लक्षात आली नव्हती! व्याख्या पाठ करण्याची सवय किती दूरवर पोचते त्याचा हा नमुना आहे. साखळीची टाकी उघडून दाखवली तर हा प्रश्न विद्यार्थी स्वतःच उभा करतील.

उंचीचा हिशेब

टाकी इतकी उंच का बसवत? साधे गणित करू. दहा लिटर पाणी दोन मीटर उंचीवरून खाली आले तर सुमारे १९६ ज्यूल ऊर्जा मिळते. तेच पाणी तीस सेंटिमीटर उंचीवरून आले तर जेमतेम २९. घर्षण सोडून दिले तर पहिल्या पाण्याचा वेग सेकंदाला ६.३ मीटर, दुसऱ्याचा २.४ मीटर. टाकी खाली आणली की वेग घटतो. तो घाटा भरून काढण्यासाठी बुटक्या टाकीचा पाइप अधिक रुंद ठेवावा लागतो आणि भांड्याचा आकारही जमवून घ्यावा लागतो. जुने भांडे तसेच ठेवून वरची टाकी काढली व तिच्या जागी खाली सुबक प्लास्टिकची टाकी बसवली, तर ‘नव्या टाकीला जोर नाही’ ही तक्रार येणारच. दोष टाकीचा नसतो, जोडी चुकलेली असते.

दुसरी गोष्ट वेळेची. दहा लिटर पाणी पाच सेकंदांत सुटले तर प्रवाह मिनिटाला १२० लिटरचा होतो. मिनिटाला तीन लिटर देणाऱ्या नळाच्या तो चाळीस पट आहे. नळ चालू ठेवून दहा काय, वीस लिटर पाणी सोडले तरी घाण जागची हलत नाही, आणि बादलीभर पाणी एकदम फेकले की काम होते, याचे कारण हेच. फ्लश किती लिटरचा यापेक्षा ते पाणी किती सेकंदांत येते हा प्रश्न आधी विचारायला हवा. जाहिरातींत मात्र फक्त लिटरचाच आकडा असतो.

भांड्याखालचे पाणी

भांड्याखालच्या वाकड्या नळीत थोडे पाणी कायम राहते. तेच गटारातील दुर्गंधीला अडवणारे बूच. १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग यांनी लंडनमध्ये या वाकड्या नळीसह शौचकूपाचे पेटंट घेतले. त्यात झडपाही होत्या. पण आजपर्यंत टिकली ती ही नळी. हलणारा एकही भाग नाही, म्हणून बिघडायला काही नाही.

बिघाड होतो तो बाहेरून. वरच्या मजल्यावरून लोंढा खाली येताना उभ्या पाइपात त्याच्या मागे दाब कमी होतो. हवा यायला दुसरी वाट नसेल तर खालच्या मजल्यांच्या वाकड्या नळ्यांतले पाणी ओढले जाते आणि बूच निघते. टाकीत आपल्याला हवा असलेला सायफन येथे नको तेथे हजर होतो! म्हणून निचऱ्याचा पाइप गच्चीच्या वर उघडा नेतात व उंच इमारतींत हवेसाठी शेजारी आणखी एक पाइप चढवतात. चाळीच्या मागच्या भिंतीवर एकमेकांना जोडलेले जाड-बारीक पाइप दिसतात त्यांचा अर्थ हा आहे. दुरुस्तीच्या वेळी ‘यातून पाणी तर जात नाही’ असे म्हणून बारीक पाइप कापून टाकला, की काही दिवसांनी तळमजल्यावरचे लोक वासाची तक्रार करू लागतात. ज्याला त्या पाइपाचे काम शाळेत समजले आहे तो मनुष्य तसा पाइप कापू देणार नाही.

बटणाची टाकी

आजच्या बहुतेक नव्या टाक्यांत सायफन नाही. तळाशी रबराच्या वायसरवर बसणारी झडप असते. बटण दाबले की ती उचलली जाते आणि पाणी सुटते. ऑस्ट्रेलियातील कॅरोमा कंपनीने १९८० च्या सुमारास दोन बटणांची टाकी आणली आणि थोड्या कामाला थोडे पाणी हा विचार रूढ झाला. आज सहा आणि तीन लिटरच्या टाक्या सर्रास मिळतात. दहा लिटरच्या तुलनेत ही बचत मोठी आहे, याबद्दल वाद नाही.

पण एक फरक सांगितला जात नाही. सायफनच्या टाकीत बाहेर जाण्याची वाट पाण्याच्या पातळीच्या वर असते. तिथून गळती होणे जवळजवळ अशक्य. झडपेच्या टाकीत ही वाट पाण्याच्या तळाशी असते. रबर कडक झाले किंवा त्याखाली एखादा खडा अडकला, की पाणी भांड्याच्या पाठीमागून आवाज न करता झिरपत राहते. मिनिटाला फक्त १०० मिलिलिटर झिरपले तरी चोवीस तासांत १४४ लिटर होतात. भुयारी गटारे असलेल्या शहरांत दरडोई रोज १३५ लिटर पाणी हे आपल्याकडे नियोजनाचे प्रमाण आहे. म्हणजे एक गळकी टाकी एका माणसाहून अधिक पाणी ‘पिते’. याच धास्तीने ब्रिटनमध्ये दीर्घकाळ सायफनच्याच टाकीचा आग्रह होता. झडपेच्या टाकीला तेथे २००१ पासून मुभा मिळाली. दोन बटणे म्हणजे बचत हे समीकरण वायसर वेळेवर बदलणाऱ्यालाच लागू पडते.

तिसरा प्रकार टाकीशिवायचा. पाइपावरच एक मोठी झडप बसवतात; दाबली की थेट जोराचे पाणी येते आणि काही सेकंदांनी ती आपोआप मिटते. लागोपाठ कितीही जण आले तरी टाकी भरण्याची वाट पाहावी लागत नाही, हा तिचा मोठा गुण. मात्र सेकंदाला दीड-दोन लिटर देणारा रुंद पाइप आणि सतत दाब तिला लागतो. ज्या शहरात नळाला दिवसातून काही तासच पाणी असते तिथे गच्चीवर पुरेशी मोठी टाकी आणि तिथून वेगळा पाइप नसेल, तर ही झडप म्हणजे भिंतीवरचा एक चकचकीत दागिना.

चौथा प्रकार शाळांच्या मुतारीत दिसतो. बारीक धारेने टाकी भरत राहते आणि पातळी वळणाच्या वर गेली की आपोआप रिकामी होते. पाणी कृष्णाच्या पायाला लागताच उतरू लागते ते वसुदेवाचे पितळी भांडे हेच यंत्र आहे. शिकवायला याहून सुंदर उदाहरण नाही. पण त्याला घड्याळ कळत नाही. पाच लिटरची टाकी दर वीस मिनिटांनी सुटली तर दिवसाला ३६० लिटर होतात. शाळा सहा तासांची असेल तर त्यातले २७० लिटर कोणीही नसताना वाहून जाते. शाळा सुटताना नळ बंद करणे हे साधे काम कोणाकडे तरी सोपवलेले असावे.

मधल्या सुट्टीतली रांग

आता सर्वात महत्त्वाचा दुवा : टाकी पुन्हा भरायला लागणारा वेळ. मिनिटाला तीन लिटर देणारा नळ दहा लिटरची टाकी ३ मिनिटे २० सेकंदांत भरतो. सुट्टी दहा मिनिटांची असेल तर एका संडासात तीनदाच पुरा फ्लश होऊ शकतो; चौथ्यासाठी टाकी भरते तेव्हा घंटा होते. रांगेत दहा मुली असतील तर सातजणींनी काय करायचे? अर्धी भरलेली टाकी सायफन पकडत नाही. नुसते पाणी घरंगळते. मग ‘मुलांना शिस्त नाही, साखळीसुद्धा ओढत नाहीत’ असा शेरा आपण मारतो. गणित न करता मारलेला हा शेरा आहे. संडास घाण असला की मुली सकाळपासून पाणी पिण्याचेच टाळतात, हे शिक्षिकांना आम्ही सांगायला नको.

चाळीतही हेच घडते. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथील बीडीडी चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या. तळमजला अधिक तीन मजले, एका इमारतीत ऐंशी खोल्या, आणि संडास मजल्यावर सामाईक. सकाळी कामावर जायची वेळ सगळ्यांची एकच. अशा ठिकाणी टाकीमागून टाकी भरण्याची वाट कोण पाहणार? रहिवाशांनी बादली हाती घेतली ती अडाणीपणाने नव्हे. बादली ही न अडकणारी, स्वतः भरता येणारी आणि एका क्षणात रिकामी होणारी फ्लशची टाकीच आहे.

याच बादलीला शास्त्रशुद्ध रूप देण्याचे काम आपल्या देशात झाले आहे. मैला वाहण्याचे काम बंद व्हावे म्हणून कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी संडासाचे सोपे नमुने तयार केले. १९७० मध्ये बिहारात बिंदेश्वर पाठक यांनी सुलभची चळवळ सुरू केली. त्यांच्या भांड्याचा उतार तीव्र असतो आणि पाण्याचे बूच फक्त वीस मिलिमीटरचे. म्हणून दीड-दोन लिटर पाणी हाताने ओतले तरी पुरते. मैला जवळच्या दोन खड्ड्यांपैकी एकात जातो. एक भरला की दुसरा वापरायचा आणि तोवर पहिल्यातले खत होऊ द्यायचे.

मग हेच लालबागच्या तिसऱ्या मजल्यावर का नको? इथे घाईने निष्कर्ष काढू नये. सुलभच्या भांड्यातून मैल्याला काही मीटरच जायचे असते. चाळीतून मात्र तो आडव्या नळीतून रस्त्याखालच्या गटारात आणि तिथून पुढे उदंचन केंद्रापर्यंत तरंगत जावा लागतो. दोन लिटरने भांडे स्वच्छ होईल, पण नळीत गाळ बसेल. पाण्याची बचत भांड्यापाशी मोजून चालत नाही. ती शेवटच्या नळीपर्यंत मोजावी लागते. नळी तुंबली तर ती मोकळी करायला शेवटी कोणाला उतरवले जाते हे आपण जाणतो. हाताने मैला काढण्यावर १९९३ व २०१३ च्या कायद्यांनी बंदी घातली, तरी गटारांत व टाक्यांत उतरलेल्या माणसांच्या मृत्यूच्या बातम्या अजून थांबलेल्या नाहीत.

वर्गात काय करावे

आमची सूचना अशी. आठवी-नववीच्या वर्गाने आपल्याच शाळेच्या संडासाची तपासणी करावी. टाकी किती लिटरची, किती सेकंदांत रिकामी होते, किती मिनिटांत भरते, सुट्टीत किती जण येतात, हे चार आकडे फळ्यावर मांडावेत. झडपेची टाकी असेल तर तिच्यात शाईचे थेंब टाकून अर्धा तास फ्लश करू नये. भांड्यात रंग उतरला तर झडप गळते आहे. प्लास्टिकची बाटली आणि वाकडी नळी घेऊन आपोआप सुटणारी टाकी करायला एक तास पुरतो. ही मोजणी सर्व विद्यार्थ्यांनी करावी. साफसफाईची कामे वाटताना मात्र ठरावीक मुलांच्याच वाट्याला संडास येतो का, हेही शिक्षकांनी प्रामाणिकपणे पाहावे.

वरळीच्या बीडीडी चाळींतील पहिल्या रहिवाशांना २०२५ मध्ये नव्या इमारतींत घरे मिळाली. प्रत्येक घरात आता स्वतंत्र शौचालय आहे, रांग संपली आहे. ही मोठी गोष्ट आहे. बटण दाबल्यावर भिंतीमागे काय होते हे मात्र त्या घरांतल्या मुलांना दिसणार नाही. बिडाची टाकी निदान डोळ्यांसमोर तरी होती. ते त्यांना दाखवण्याचे काम आता शाळेलाच करावे लागेल. चार आकड्यांचा तो तक्ता तयार झाला की मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवावा. दुसरी टाकी हवी, रुंद पाइप हवा की नुसते दोन पिंपे पाणी आणि चार टमरेले पुरतील, हे त्यावरून कोणालाही सांगता येईल.